गोरेगावची पाणीवाली बाई

हातातलं काम सुरू ठेवा, नुसता कान इकडं द्या.

आपल्या या कार्यक्रमात आपण वय होऊन गेलेल्या बायांविषयी बोलतो. कुणाच्या गावची सुईण, कुणाच्या गटाची पहिली अध्यक्ष. पेपरात ज्यांच्या नावाची ओळ येत नाही, अशाच बहुतेक. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे तिचं नाव पेपरात पुष्कळदा आलं. मृणाल गोरे. त्या गोरेगावच्या. १७ जुलै २०१२ ला वसईत त्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय ८४ होतं. चौऱ्याऐंशी पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, गोरेगाव म्हणजे मुंबई. लोकलच्या स्टेशनाचं नाव. मुंबईच्या बाईशी आपलं काय नातं? आमच्या गटात मी हा विषय सांगितला, तेव्हा एक काकू हेच म्हणाल्या. त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मृणालताई तिथं राहायला गेल्या तेव्हा गोरेगाव हे गावच होतं. तिथं महापालिका नव्हती, ग्रामपंचायत होती. विहिरीवरचं पाणी होतं, भाताची खाचरं होती, म्हशींचे गोठे होते. पूर्वेला आरेचं जंगल, त्यात आदिवासींचे पाडे. मुंबईतले म्हशींचे गोठे हलवायचे म्हणून १९४९ साली सरकारनं आरे दूध वसाहत काढली, ती याच गोरेगावच्या अंगाला. पाडे तर अजूनही आहेत. म्हणजे ज्या बाईनं पुढं विधानसभा गाजवली, लोकसभा पाहिली, तिची शाळा सुरू झाली ती आपल्यासारख्याच एका ग्रामपंचायतीत.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. घर शिकलेलं. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी. त्या काळात मुलीनं डॉक्टरकीला जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण शिकता शिकता त्या राष्ट्र सेवा दलात रमल्या. देश नुकताच स्वतंत्र होत होता, साने गुरुजींसारखी माणसं सभोवती होती, आणि या मुलीनं डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली. तिथंच केशव गोरे भेटले. त्यांना सगळे बंडू गोरे म्हणायचे. समाजवादी विचारांचे कार्यकर्ते. दोघांच्या जाती वेगळ्या, तरी लग्न झालं. आणि संसार मांडला गोरेगावात.

माझं एक मत सांगते. मृणालताईंबद्दल लिहिणारे लोक मोर्च्यापासून सुरुवात करतात. मला वाटतं, खरी सुरुवात त्या महिला मंडळापासून झाली जे त्यांनी गोरेगावात उभं केलं. बायका जमवायच्या. काय करायचं जमून? तर शिवण, भरतकाम, थोडं लिहिणं-वाचणं. आणि त्याच्या जोडीनं एक अवघड विषय, संतती नियमनाचा. १९५० च्या आगेमागे हा विषय चारचौघींत काढणं म्हणजे अंगावर शिव्या घेणं. सासवा दारात उभ्या करायच्या नाहीत. पण डॉक्टरकीचं जे अर्धं शिक्षण पदरात होतं, ते इथं कामी आलं. घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं, आधी तिचं ऐकायचं. किती बाळंतपणं झाली, किती लेकरं राहिली, पाणी कुठून आणतेस, किती खेपा होतात. असं ऐकता ऐकताच पाण्याचं दुःख त्यांच्या कानावर आलं असणार. कुठल्याही बाईला तिच्या दिवसाविषयी विचारा, ती पाण्यापासूनच सुरुवात करते. पहाटे उठून हंडा घेते तिथून.

मग ग्रामपंचायत. १९५४ च्या सुमाराला त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. आज आपल्याकडं सरपंचपदाच्या आणि सदस्यांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आधी ७३ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा आल्या, मग २०११ पासून महाराष्ट्रात पन्नास टक्के. त्यांच्या वेळी यातलं काही नव्हतं. बाई पंचायतीत आली म्हणजे पुरुषांच्या बाकावर जागा करून घेऊनच आली. आणि पंचायतीत काय शिकायला मिळतं, हे तुमच्यापैकी ज्या सदस्य आहेत त्यांना पक्कं ठाऊक आहे. अर्ज कुणाच्या टेबलावर जातो, कुठं अडकतो. ठराव कसा लिहायचा. तोंडी दिलेला शब्द आणि इतिवृत्तात उतरलेला शब्द यांत काय फरक. निधी आहे असं सांगतात पण कुठं आहे ते सांगत नाहीत, तेव्हा काय विचारायचं. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१९५७ साली गोरेगाव मुंबई महापालिकेत गेलं. गावाचं उपनगर झालं. कागदावर शहर, पायाखाली चिखल. आणि पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, केशव गोरे गेले. मृणालताई तिशीच्या. पदरात लहान मुलगी, अंजली.

बायांनो, इथं क्षणभर थांबू या. तिशीतली विधवा आपल्याकडं पुष्कळ पाहिली आहे. तिला काय सांगितलं जातं, तेही आपण ऐकलंय. आता घरात बस, लेकराकडं बघ, लोक काय म्हणतील. मृणालताईंच्या सासर-माहेरचे लोक शिकलेले होते, सोबतीला चळवळीतली माणसं होती, हे खरं. पण रात्री घरात एकटीच असते ना बाई. त्यांनी घर सोडलं नाही, गोरेगाव सोडलं नाही, काम सोडलं नाही. नवऱ्याच्या नावानं गोरेगावात स्मारक उभं राहिलं, केशव गोरे स्मारक ट्रस्ट. आणि ते स्मारक म्हणजे नुसती तसबीर लावलेली खोली राहिली नाही. सभा तिथं, शिवणवर्ग तिथं, अडलेल्या बायकांची ये-जा तिथं. आपण नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला जेवण घालतो, मी त्याला नाव ठेवत नाही. हे दुसऱ्या प्रकारचं होतं, एवढंच.

१९६१ ला त्या महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून आल्या. आणि तिथून पाण्याची ती लढाई सुरू झाली, जिच्यामुळं त्यांचं नावच बदललं.

ही गोष्ट जरा नीट सांगते, कारण आपल्या उपयोगाची आहे. गोरेगावच्या डोंगरापलीकडं विहार तलाव आहे. १८६० साली, इंग्रजांच्या काळात, मुंबई शहराला पाणी द्यायला तो बांधला. म्हणजे शंभर वर्षं डोंगरापलीकडं पाणी भरलेलं होतं आणि अलीकडं बाया हंडे घेऊन फिरत होत्या. पाणी होतं, वाटणी नव्हती. जुन्या शहरात नळ आले, उपनगरात माणसं आली पण नळ आले नाहीत. गिरणीतली, कारखान्यातली माणसं, कोकणातून, घाटावरून, दुष्काळातून आलेली. त्यांतली कितीतरी आपल्याच गावांतून गेलेली. त्यांनी चाळीत, झोपडीत आसरा घेतला. आणि झोपडीवाल्याला नळ मागायला गेलं की उत्तर ठरलेलं. तुमची झोपडी बेकायदा, तुम्हाला पाणी दिलं तर झोपडी कायदेशीर ठरेल.

हे उत्तर ऐकलेलं वाटतंय ना? गायरानात घर असेल, वस्ती गावठाणाबाहेर असेल, पाड्याला महसुली दर्जा नसेल, तर आपल्यालाही हेच ऐकायला मिळतं. जणू तहान सातबारा बघून लागते.

मृणालताईंनी काय केलं? पहिली गोष्ट, त्यांनी बायकांना अर्ज घेऊन एकेकटीला पाठवलं नाही. बायका हंडे घेऊन निघाल्या. रिकामा हंडा घेऊन कचेरीत गेलेल्या शंभर बायका बघितल्यावर साहेबाला फाइल उघडावी लागते. हंडा बोलतो. दुसरी गोष्ट, त्या स्वतः सभागृहात प्रश्न विचारत राहिल्या. कोणत्या वस्तीला किती नळ, किती वेळ पाणी, किती लोकांमागे एक नळ. बाहेर मोर्चा आणि आत प्रश्न, दोन्ही एकाच वेळी. नुसता मोर्चा काढला की आश्वासन मिळतं. नुसता प्रश्न विचारला की 'माहिती घेऊन कळवतो' असं उत्तर मिळतं. दोन्ही एकत्र केलं की साहेबाची पंचाईत होते. अधिकाऱ्यांना घेराव घातले, जागेवरून हलू दिलं नाही. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं. एका मोर्च्यात नळ आला असं कधी झालं नाही.

आणि कधीतरी वस्तीतल्या बायकांनी त्यांना नाव दिलं, 'पाणीवाली बाई'. सरकारनं दिलेलं नाव नव्हे, पदवी नव्हे. कुणी तरी म्हणालं असेल, ती पाणीवाली बाई आली बघ, आणि ते चिकटलं. आपल्याकडं नाही का, दूधवाली मावशी, बांगडीवाली मामी. जी ज्याची, तिला त्याचं नाव.

थोडा हिशेब करू या का? जलजीवन मिशनमध्ये सरकारनं ठरवलंय की गावात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळालं पाहिजे. पाच माणसांचं घर असेल तर २७५ लिटर. तुमचा हंडा साधारण १५ लिटरचा धरा. म्हणजे अठरा-एकोणीस हंडे रोजचे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे पावणेतीन क्विंटल ओझं. इतकं कुणी आणत नाही, कारण आणणं शक्यच नाही. म्हणून बाई कमी पाण्यात भागवते. आधी स्वतःची आंघोळ कमी करते, मग पाळीच्या दिवसांतलं धुणं मागं टाकते, शेवटी पिण्याचं. हा हिशेब मृणालताईंनी मांडला असं मी म्हणत नाही, हा माझा आहे. पण पाणी ही घरातली कटकट नसून सरकारदरबारी मांडायची गोष्ट आहे, हे आपल्या राज्यात ज्या बायांनी दाखवून दिलं, त्यांत त्या पहिल्या रांगेत होत्या.

१९७२ साली त्या मोठ्या मताधिक्यानं आमदार झाल्या. १९७२ म्हटलं की आपल्या आज्यांना काय आठवतं? सुकडी, खडी फोडणं, मिलोची भाकरी. तोच तो दुष्काळ. गावात रोजगार हमीच्या कामावर बाया खडी फोडत होत्या, तेव्हा मुंबईत तेल, साखर, रॉकेल, धान्य मिळेना. त्या वेळी वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा कितीतरी. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती असं लांबलचक नाव होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो लाटणे मोर्चा. हजारो बाया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुढं थाळीनादही झाला. ठरलेल्या वेळी घराघरातून बायकांनी थाळ्या वाजवल्या. ज्या घराबाहेर पडू शकत नव्हत्या, त्याही स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोर्च्यात आल्या. मला हे फार आवडतं. सगळ्यांनाच घरातून निघता येत नाही, कुणाची सासू आजारी, कुणाचं लेकरू अंगावर. त्यांच्यासाठीही आंदोलनात जागा ठेवली होती.

लाटण्यावरून पेपरवाल्यांनी विनोदही केले. करू द्या. आपल्या घरातलं हत्यार तेच.

मग आणीबाणी आली, जून १९७५ मध्ये. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, डिसेंबरात पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटं ठेवलं. आजूबाजूच्या कोठड्यांत एक कुष्ठरोगी बाई, एक मानसिक आजारी बाई. भीती दाखवण्यासाठीच ती जागा दिली, असं म्हणतात. पण जिनं वस्त्यांतून इतकी वर्षं काढली तिला रोगी माणसाची काय भीती. १९७७ ला सुटल्या आणि लगेच लोकसभेवर निवडून गेल्या. त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा मुंबईत लोक म्हणायचे, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'. अहिल्याताईही त्याच वेळी मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. लाटणेवाल्या दोघी संसदेत.

दिल्लीचा काळ मी जास्त सांगत नाही. तो थोडाच होता आणि त्यांचा जीव तिथं लागला असंही मला वाटत नाही. १९८५ ला त्या पुन्हा आमदार झाल्या, पुढं विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या. पण या काळातलं एक काम असं आहे, जे प्रत्येक गावाशी जोडलेलं आहे.

१९८० च्या दशकात गर्भजल तपासून मुलगा की मुलगी ते सांगायचं, मुलगी असेल तर पाडायचं, हा धंदा उघड चालायचा. आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचा लाखांचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागायच्या. कायदा नव्हताच, मग गुन्हा कसला? मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी, अभ्यासकांनी याविरुद्ध मोहीम उघडली, आणि १९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत स्वतःचं खासगी विधेयक आणलं. विरोधातल्या आमदाराचं विधेयक सहसा पास होत नसतं. पण त्यातून सरकारवर दबाव आला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सगळ्या देशाचा कायदा १९९४ ला आला.

कायदा आला म्हणून थांबलं का? नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. २०१२ च्या उन्हाळ्यात बीडमधल्याच एका प्रकरणानं सारा महाराष्ट्र हादरला होता, आणि त्याच जुलैत मृणालताई गेल्या. कायद्यासाठी झटलेल्या बाईला शेवटच्या दिवसांत हे आकडे वाचावे लागले असतील, असा विचार माझ्या मनात येतो. पण कायदा नसता तर त्या प्रकरणात पोलीस कशाच्या आधारावर दारात गेले असते, हेही मनात येतं.

गोरेगावच्या केशव गोरे स्मारकात 'स्वाधार' नावाचं केंद्र सुरू झालं. नवऱ्यानं मारलेली, सासरनं हाकललेली, हुंड्यासाठी छळलेली बाई तिथं येते, तिचं ऐकून घेतलं जातं, कायद्याची मदत मिळते. आणि घरांचं कामही याच काळातलं. कमाल नागरी जमीन धारणा कायदा १९७६ चा. त्यात जास्तीची जमीन गरिबांच्या घरांसाठी वापरायची तरतूद होती, पण ती कागदावर पडून होती. मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली, ती तरतूद शोधून काढली, वर्षानुवर्षं भांडले आणि गोरेगावजवळ दिंडोशीला सहा हजारांहून जास्त घरं उभी केली. कमी पगाराच्या माणसांची, हप्त्याहप्त्यानं पैसे भरून घेतलेली. कायद्यात आपल्यासाठी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं आणि मग मागायचं, ही त्यांची पद्धत होती. वय झालं तरी ती सुटली नाही. नर्मदेच्या धरणग्रस्तांसाठी त्या उभ्या राहिल्या, कोकणात एन्रॉनच्या विरोधात उभ्या राहिल्या.

आता एक गोष्ट बोलायलाच हवी, नाहीतर मला अर्धंच बोलल्यासारखं वाटेल. मुंबईच्या नळाला जे पाणी येतं ते कुठून येतं? विहार, तुळशी हे तलाव छोटे. मोठं पाणी येतं तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून. ती धरणं ठाणे-नाशिककडच्या डोंगराळ भागातली, त्यांतली महत्त्वाची शहापूर तालुक्यात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरणाच्या काठची ठाकर, कातकरी, वारली बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते आणि तिच्या उशापायथ्याशी असलेलं पाणी मोठ्या नळातून मुंबईला जातं. म्हणजे गोरेगावच्या झोपडीतल्या बाईची लढाई जिंकली, तरी ते पाणी दुसऱ्या एका बाईच्या अंगणातून आलेलं होतं.

यात मृणालताईंना मी दोष देत नाही. झोपडीतली बाई माणशी बादलीभर मागत होती, बंगल्याच्या बागेचं पाणी मागत नव्हती. पण शहरातला पाण्याचा लढा आणि गावातला पाण्याचा लढा एकमेकांना कधी नीट भेटले नाहीत, हे मला खुपतं. धरणाच्या काठच्या बाईला त्या काळी कुणी 'पाणीवाली बाई' भेटली नाही. पुढं नर्मदेच्या वेळी मृणालताई विस्थापितांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, त्यामागं हेच कुठंतरी टोचत असेल का, असं मला वाटून जातं. माझा अंदाज आहे, त्यांच्या तोंडचं नाही.

२०१२ सालचा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. जून कोरडा गेला, जुलैतही पेरण्या खोळंबल्या. पुढं तो मोठाच दुष्काळ ठरला, मराठवाड्यात, माणदेशात, सगळीकडं. छावण्या लागल्या, जालन्यासारख्या शहरातसुद्धा टँकरनं पाणी फिरलं. त्या जुलैच्या सतरा तारखेला वसईत हृदयविकाराचा झटका येऊन मृणालताई गेल्या. पेपरात मोठे मथळे आले. सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी शोक व्यक्त केला, त्यात ज्यांना त्यांनी घेराव घातले असतील तेही होते. असंच असतं. जिवंतपणी जी बाई नकोशी असते, ती गेल्यावर ताई होते.

मला मात्र वेगळंच दिसतं. गोरेगावातली एखादी म्हातारी, पाठीत वाकलेली, साठच्या दशकात हंडा घेऊन मोर्च्यात गेलेली. तिनं त्या दिवशी बातमी ऐकली असेल आणि घरातल्या नळाखाली भांडं लावता लावता सुनेला सांगितलं असेल, ही गेली बघ. सून म्हणाली असेल, कोण? कारण ज्या घरात नळ आहे तिथं नळ कुणी आणला हे कुणी विचारत नाही. नातीला तर नळ नसतो हेच माहीत नसतं. लढाईचं फळ असं असतं, ते मिळालं की विसरायचं असतं.

त्यांच्या जाण्यानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. पाणी हक्क समितीची याचिका होती. न्यायालयानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येतंच. मृणालताई पन्नास वर्षं जे म्हणत होत्या ते न्यायालयाच्या कागदावर आलं, पण त्या वाचायला नव्हत्या. गोरेगावात आता एका उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मला विचारलं तर पाण्याच्या टाकीला दिलं असतं तर बरं झालं असतं. पुलावरून गाड्या जातात, हंडेवाल्या बाया पुलावरून जात नाहीत. पण पूल तर पूल.

आता आपल्याकडं येऊ या. आपल्या प्रत्येक गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात निम्म्या बायका असल्या पाहिजेत. तुमच्या गावच्या समितीत कोण बायका आहेत? नावं सांगता येतील का? पुष्कळ ठिकाणी नाव बाईचं आणि सही कुणाच्या तरी सांगण्यावरून, हे आपल्याला माहीत आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठं आहे, पाणीपट्टी किती जमा झाली, मोटार जळाली तेव्हा किती खर्च दाखवला, हे ग्रामपंचायतीत बघायला मागता येतं. एकटीनं मागू नका. गटानं मागा. पाचजणी जा.

आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना साधारण ग्रामसभा होतात. त्याआधी महिला सभा झाली पाहिजे आणि तिथले ठराव मोठ्या सभेत वाचले गेले पाहिजेत. ज्या गावात ती नुसती रजिस्टरवर होते, म्हणजे घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात, तिथल्या बायांनी एकदा सही करायच्या आधी विचारावं, सभा कुठं भरली होती?

शहापूरकडच्या मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांनी आपल्या पाड्यावर या उन्हाळ्यात किती टँकर आले, कोणत्या दिवशी आले नाहीत, ते लिहून आम्हाला पाठवावं. आमच्या केंद्राचा पत्ता मासिकाच्या मागच्या पानावर आहे. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, किंवा फोनवर सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या महिन्यात आपण त्यावरच बोलणार आहोत.

आजचा वेळ संपला. नमस्कार.